खाणीतला दुसरा डबा

व्लास्ता मारेशोवाने बोरोव्ना गावच्या टपाल कचेरीच्या खिडकीत बत्तीस वर्षं काढली. गावातल्या निम्म्या लोकांना ती अजूनही काचेपलीकडचीच आठवते. पाकिटावर घराचा नंबर राहिला की ती ते दोन बोटांनी परत सरकवायची. "तुमची बहीण कुठे राहते ते मला ठाऊक आहे हो," ती म्हणायची, "पण उद्या मी मेले तर इथे बसणाऱ्या नव्या बाईला कसं कळणार? लिहा." तिचा नवरा लाद्या ट्रक चालवायचा. तो खानावळीत सांगायचा, "आमच्या लग्नाच्या दाखल्यावरचा शिक्का जरा पुसट आहे. म्हणून मी अजून तात्पुरताच आहे."

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष तिला फार जड गेलं. तिने आलुबुखारचे मुरंबे केले, रानातली अळंबी दोऱ्यात ओवून सुकवली, पडदे दोनदा धुतले. मुलगी ब्र्नोला होती आणि तिला तिचा संसार होता. काम नसल्याचं व्लास्ताला फारसं वाटत नव्हतं. पण दिवसावर तारीख न पडताच तो निघून जातो, हे तिला सोसेना. आज मंगळवार की बुधवार हे टीव्हीवरच्या मालिकेवरून समजायला लागलं, तेव्हा ती घाबरली.

अशात तिला ओल्डाने डब्यांच्या खेळाला लावलं. ओल्ड्रिख बेंडा हा जंगलखात्याचा जुना मोजणीदार. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, चालणं मात्र तिशीतल्या माणसाचं. आमच्या डोंगराळ भागात जिओकॅशिंगचं वेड घरटी एकाला तरी आहे, आणि ज्याला नाही तो त्यातल्या कोणाचा तरी नवरा नाहीतर बायको असतो. एकाने जंगलात डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या खेळाच्या पानावर टाकायचे. दुसऱ्याने फोनवरच्या बाणाच्या मागे जाऊन तो हुडकायचा, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा. घरी येऊन पानावर 'सापडला' असं नोंदवायचं. झालं. बक्षीस नाही, काही नाही.

"एवढ्यासाठी पाय मोडायचे?" लाद्याने विचारलं होतं.

"तू एवढ्यासाठीच खुर्ची मोडतोस ना रोज," व्लास्ता म्हणाली.

कागदावर नाव आणि तारीख. तिला हवं होतं ते नेमकं हेच होतं. ती रोज एक डबा शोधू लागली. एकही दिवस न चुकवता रोज एक, याला खेळात साखळी म्हणतात. तिची साखळी बघता बघता सहाशे दिवसांवर गेली. तापात गेली. बहिणीच्या अंत्यविधीच्या दिवशी काळ्या बुटांनिशी स्मशानाच्या भिंतीमागे जाऊन आली. एकदा शोधलेला डबा पुन्हा मोजत नाहीत, त्यामुळे जवळचे संपत गेले आणि लाद्याला गाडी काढून लांब लांब न्यावं लागे. तो बोलायचा, पण न्यायचा.

खेळातही ती खिडकीतलीच राहिली. तिने स्वतः लपवलेले अकरा डबे होते. पानावर कोणी 'सापडला' लिहिलं की ती महिन्यातून एकदा जाऊन आतल्या कागदाशी ताडून बघायची. सही नसली की नोंद काढून टाकायची. ओलोमोउत्सच्या एका जोडप्याकडे पेन नव्हतं म्हणून त्यांनी जांभळ्या बोरांच्या रसाचा अंगठा उठवला होता. तोही तिने काढला. गावातल्या डबे शोधणाऱ्यांच्या मंडळातले लोक हसले, चिडले. ओल्डा तेवढा तिच्या बाजूने बोलला. "व्लास्ताची सही कागदावर आहे म्हणजे व्लास्ता तिथे होती. बाकी तुम्हा लोकांचं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

आणि दुसऱ्याच्या डब्याच्या जागी स्वतःचा डबा टाकून तोच सापडला म्हणणारे लोक, त्यांचं तर नावच नको. खेळात याहून हलकं काम नाही. असं करणाऱ्या दोघांशी व्लास्ताने बोलणं टाकलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी तिने तेच केलं.

ओल्डाचा खाणीतला डबा तिने वाईट दिवसासाठी राखून ठेवला होता. तो दिवस आला. गुडघा सुजलेला, बर्फ घोट्याच्या वर, आणि दुसरा न शोधलेला डबा चाळीस किलोमीटरच्या आत कुठे नाही. बंद पडलेल्या ग्रॅनाइटच्या खाणीपाशी लाद्या गाडीत रेडिओ लावून बसला. ती काठाकाठाने फिरली. खाणीच्या उभ्या भिंतींमुळे फोनवरचा बाण वेड्यासारखा भिरभिरत होता. खाली उतरणारी वाट बर्फात बुजली होती, आणि ती असली तरी त्या गुडघ्याने उतरण्यासारखी नव्हती. दोन तास झाले. उजेड जायला लागला. तिच्या खिशात फिल्मच्या रिळाची एक काळी नळी होती, आत कोऱ्या कागदाची पट्टी. स्वतःच्या डब्यांतले भिजलेले कागद बदलायला ती अशी एक नळी नेहमी जवळ ठेवायची.

तिने ती नळी काठावरच्या बीच झाडाच्या मुळात खुपसली. आधी कागदावर नाव लिहिलं, तारीख लिहिली.

"सापडला?" गाडीत बसताना लाद्याने विचारलं.

"हो."

"मग तोंड का असं?"

"गुडघा."

बर्फ गेलं की यायचं, खरा डबा शोधायचा, नळी काढून न्यायची, असं तिने ठरवलं होतं. पण एप्रिलमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. साखळी तशीही तुटली, सहाशे एकाहत्तराव्या दिवशी, दवाखान्याच्या खाटेवर. मे महिन्यात मंडळात नव्याने आलेला वीतेक खाणीवर गेला, त्याला मुळातली नळी सापडली, त्याने सही केली. मग आणखी लोक गेले. सगळ्यांनी 'सापडला, आभार' लिहिलं. नळीच डबा झाली. व्लास्ताला आता ती काढायची तर नऊ माणसांच्या सह्या काढाव्या लागल्या असत्या, आणि कारणही सांगावं लागलं असतं. तिने ते पुढे ढकललं. ओल्डाला मात्र ती त्या उन्हाळ्यात नेहमीपेक्षा जास्त वेळा केक देऊन आली.

*

नोव्हेंबरात संत मार्तिनच्या सणाला मंडळाचं जेवण असतं. भाजलेला हंस, लाल कोबी, वाफवलेल्या पिठाचे डम्पलिंग आणि नवी वाइन. क्व्येताच्या खानावळीत लांब टेबल लावलं होतं. तो शुक्रवार होता. ओल्डा आला नाही. त्याच्या वाट्याची तंगडी अर्धा तास ताटात राहिली, मग क्व्येताने ती झाकून आत ठेवली.

"विसरला असेल," कोणीतरी म्हणालं.

"ओल्डा? हंस विसरेल?" मिरेक कुद्रना उठला. मिरेक म्हणजे गावच्या अग्निशमन पथकाचा प्रमुख आणि मंडळाचाही. तो ओल्डाच्या घरी जाऊन आला. दार बंद, शेगडी गार, गुरुवारचं वर्तमानपत्र दारावरच्या टपालपेटीत तसंच. बसच्या ड्रायव्हरला फोन केला. त्याने सांगितलं, गुरुवारी सकाळी ओल्डा वरच्या फाट्यावर उतरला, दगडी क्रूस आहे तिथे. काठी होती, पाठीवर पिशवी होती. परत येताना दिसला नाही.

म्हणजे एक रात्र बाहेर. फोन बंद येत होता.

पोलीस आले. अंधार पडेपर्यंत हाका मारून झाल्या. त्या फाट्यावरून एक वाट डावीकडे तळ्यांकडे जाते, एक उजवीकडे खाणीकडे. तळी त्याच आठवड्यात कार्प माशांसाठी उपसली होती आणि नुसता कमरेएवढा गाळ राहिला होता. जंगल एवढं मोठं की सगळं एकदम चाळायला माणसं पुरणार नाहीत. आधी कोणती बाजू, हे ठरवायचं होतं.

मार्ग मिरेकने काढला. "त्या फाट्यावरून ओल्डाचे चार डबे आहेत. तीन तळ्याच्या अंगाला, एक खाणीत. थंडीच्या आधी तो आपले डबे बघायला जातोच. आणि गेला की कागदावर नाव-तारीख टाकल्याशिवाय झाकण लावत नाही. उद्या उजाडताच चारही कागद बघा. सही कुठे आहे ते कळलं की बाजू कळली."

पोलीस पथकाची प्रमुख एक तरुण बाई होती. तिने असलं काही कधी ऐकलं नव्हतं, पण तिला ते पटलं.

शनिवारी सकाळी व्लास्ता खानावळीच्या स्वयंपाकघरात ब्रेडला चरबी लावून वर कांद्याच्या चकत्या ठेवत होती. गुडघ्यामुळे तिला जंगलात कोणी येऊ दिलं नव्हतं. रात्रभर ती जागी होती. ओल्डा मरू नये, एवढंच तिच्या मनात होतं. दहाच्या सुमारास वीतेक आत आला, बूट दारातच झटकले.

"खाणीत नाही गेला तो," तो म्हणाला. "आम्ही काठावर जाऊन कागद बघितला. ऑक्टोबरनंतर कोणाचीच सही नाही."

"तळ्याकडच्या दोन डब्यांतही नाही," मिरेक म्हणाला. "तिसरा बांधाच्या पलीकडे आहे, गाळातून तिथे जाता येत नाहीये. म्हणजे तिकडेच जाताना काहीतरी झालं."

"नक्की? खाणीतला कागद नीट बघितला?" पोलीसबाईने विचारलं.

"फोटोच काढलाय की." वीतेकने फोन पुढे केला. "माझी सहीपण आहे बघा, मे महिन्यातली. आणि सगळ्यात वर व्लास्तामावशीची. मावशीची सही असली म्हणजे डबा शंभर टक्के खरा."

व्लास्ताने हातातली सुरी तशीच धरून फोनकडे बघितलं. तिचं नाव, तिची तारीख, तिची टपालातली सरळ अक्षरं. अरुंद, ओलसर, काळ्या नळीतून काढलेली पट्टी.

"मला आठवतो तो तर चांगला मोठा लोखंडी डबा होता रे," मिरेक म्हणाला. "पण त्याला झाली दहा वर्षं. ओल्डाने मध्ये जागा बदललीच असणार. बरं, चला. सगळे तळ्याकडे. कुत्रीपण तिकडेच घ्या."

तिने तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, कोणीतरी तिच्या हातातून ब्रेडचा ट्रे घेतला आणि "देव भलं करो मावशी" म्हणत बाहेर गेलं. ते तिचं पहिलं गप्प राहणं. त्याचं तिला पुढे कधी फार वाईट वाटलं नाही. ते घाईत झालं. वाईट वाटलं ते नंतरच्याचं.

ती मागच्या पायरीवर गेली आणि तिने फोनवर खाणीच्या डब्याचं पान उघडलं. सगळ्यात वर ब्र्नोच्या एका जोडप्याने ऑक्टोबरच्या शेवटी लिहिलं होतं, 'नळीतला कागद भिजलाय, मालकाने बदलावा.' अशी नोंद डब्याच्या मालकाला आपोआप जाते. ओल्डाने ती वाचली असणार. वाचून म्हणाला असणार, नळी? कसली नळी? माझा तर लोखंडी डबा आहे, खाली खाणीत.

आणि बघायला गेला असणार.

आता ते पुढे ढकलता येण्यासारखं नव्हतं. तिने लाद्याला फोन केला.

लाद्या गाडी घेऊन आला. तिने सगळं सांगितलं, फेब्रुवारीपासून. तो स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिला.

"तू?" तो शेवटी म्हणाला. "तू असं केलंस?"

"हो."

"आणि मला म्हणालीस गुडघा."

"गुडघाही होताच."

त्याने हसण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "हे बघ," तो म्हणाला, "आत्ता जाऊन तिथे सगळ्यांसमोर बोललीस तर हे गाव तुला आयुष्यभर फाडून खाईल. ज्यांच्या ज्यांच्या नोंदी तू काढल्यास ते सगळे. आधी आपण जाऊ. आपणच बघू. तिथे असला तर फोन करू. नसला तर कोणाला काय कळायचंय?"

हे ऐकून तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं ती नंतर विसरली नाही.

खाणीवर धुकं होतं. तळ दिसत नव्हता, खालच्या पाण्याचा नुसता गारठा वर येत होता. काठावर सकाळच्या माणसांच्या बुटांचे ठसे बीचच्या झाडापर्यंत येऊन परत फिरले होते. व्लास्ताने हाक मारली. "ओल्डा! ओल्डा रे!" भिंतीवर आपटून तिचाच आवाज तीनदा परत आला. लाद्यानेही हाका मारल्या, त्याचा आवाज मोठा. एक नीळकंठी पाखरू कर्कश ओरडत उडालं, बस्स. खाली जाणारी वाट आता दिसत होती. ओल्या पानांची, दगडी, एका हाताला कडा. ती चार पावलं उतरली आणि पाचव्याला घसरली. लाद्याने तिला कोटाच्या कॉलरला धरून वर ओढलं. त्याच्या हृदयाला दोन वर्षांपूर्वी झडप बसवलेली. तोही धापा टाकत बसला.

ते दुसऱ्या बाजूने फिरून आले. तिथूनही हाका मारल्या. एक तास गेला, मग दुसराही संपत आला.

"नाहीये इथे," लाद्या म्हणाला. "असता तर ओ दिली असती. चल घरी. तळ्याकडेच मिळेल तो."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर तुझी नळी काही त्याला गाळात ढकलायला गेली नव्हती."

"ओ देता येत नसेल तर?"

"व्लास्ता..."

"मी सांगणारे," ती म्हणाली. "मला खाली सोड. तू बाहेर थांब नाहीतर घरी जा."

तो घरी गेला नाही, पण खानावळीत तिच्याबरोबर आतही आला नाही.

एक वाजला होता. तळ्यावरून परतलेली पंधरा-वीस माणसं सूप पीत होती, गुडघ्यापर्यंत गाळाने माखलेली. व्लास्ता टेबलाच्या टोकाशी उभी राहिली आणि खिडकीतून बोलावं तशा आवाजात बोलली.

"खाणीतला तो डबा ओल्डाचा नाही. तो माझा आहे. फेब्रुवारीत मला त्याचा सापडला नाही, तेव्हा मी टाकला. काठावर मी दोन तास शोधला, तिथे नव्हता, म्हणजे ओल्डाचा खाली आहे, कड्यावर. त्याची सही त्यात असेल. तुम्ही ज्यात बघितलीत, त्यात असणारच नव्हती."

सुपाचे चमचे थांबले.

"म्हणजे मावशी," वीतेक म्हणाला, "माझापण खोटाच?"

कोणी हसलं नाही. एका बाईने, जिची एक नोंद व्लास्ताने दोन वर्षांपूर्वी काढली होती, मान वळवून भिंतीकडे बघितलं. पोलीसबाईने विचारलं, "हे तुम्हाला कधी लक्षात आलं?"

"सकाळी. यांनी फोटो दाखवला तेव्हा."

"सकाळी दहाला?"

"दहाला."

मिरेकने घड्याळाकडे बघितलं. त्याने वॉकीटॉकी उचलली आणि तळ्यावरच्या माणसांना सांगितलं, "कुत्री काढा तिथून. सगळे खाणीवर. दोर घ्या, स्ट्रेचर घ्या." जाता जाता त्याने दिवा काढून घेतला, कारण दिवस लहान होते.

व्लास्ताने पुन्हा सुरी हातात घेतली. क्व्येता आली आणि तिने ती तिच्या हातून काढून घेतली. "राहू दे," ती म्हणाली. "मी करते."

*

ओल्डा पावणेतीनला मिळाला. खालच्या कड्याखाली, खाणकामगार पूर्वी सुरुंगाची दारू ठेवत त्या खोबणीत. डाव्या मांडीचं हाड मोडलेलं. पडल्यावर तो सरपटत तिथपर्यंत गेला होता आणि वाळकी पानं अंगावर ओढून घेतली होती. जिवंत होता, बोलत नव्हता. लोखंडी डबा वरच्या कपारीत जागच्या जागी होता आणि आतल्या कागदावर गुरुवारची तारीख होती.

त्याला यिह्लावाच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. मांडीत सळई बसवली. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मग छातीत कफ झाला, तोही उतरला.

गावाने व्लास्ताला फाडून खाल्लं नाही. लाद्याचा अंदाज तिथे चुकला. लोक वाण्याकडे तिला नमस्कार करत, गुडघ्याचं विचारत, आणि मग त्यांना एकदम काहीतरी काम आठवे. मंडळाच्या महिन्याच्या बैठकीला 'येऊ नकोस' असं कोणी म्हणालं नाही, 'ये' असंही नाही. फेब्रुवारीची ती नोंद तिने स्वतः काढून टाकली आणि त्याच पानावर घडलं ते पाच ओळींत लिहिलं. त्याखाली कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसायची. लाद्या एकदा म्हणाला, "मीच म्हणालो ना तुला, आधी आपण बघू म्हणून. माझं नाव का नाही सांगत?"

"ऐकलं तर मीच ना," ती म्हणाली.

बाराव्या दिवशी रुग्णालयातून निरोप आला की ओल्डाला भेटायला माणसं चालतील. ती बसने गेली, एकटी.

तो एकट्याच्या खोलीत होता. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली. तिला बघून त्याने हात वर केला. म्हणजे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मिरेक येऊन गेला होता, पण मिरेकने ते सांगणं तिच्यावर सोडलं होतं.

"बस," ओल्डा म्हणाला. "इथे सूप म्हणजे गरम पाण्यात गाजराची आठवण असते. काही आणलंयस?"

तिने पिशवीतून खसखशीच्या वड्या काढल्या. त्याने एक घेतली, थोडी खाल्ली आणि बशीत ठेवली.

"तुला एक सांगतो," तो म्हणाला. "इथल्या डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला भास असेल. शनिवारी सकाळी मला माणसांचे आवाज आले. वर, काठावरून. दोघं-तिघं असतील. एकजण हसला. अगदी स्पष्ट. मी ओरडलो. घसा गेला होता, तरी ओरडलो. मग म्हटलं, दगड आपटू. दगड आपटला. ते थोडा वेळ थांबले वर आणि मग निघून गेले. आवाज लांब लांब जाताना मी ऐकले. तेव्हा मी सोडून दिलं सगळं. त्यानंतर झोपच लागायला लागली. नंतर कोणी हाका मारल्या असतील तर मला माहीत नाही. भास असेल का गं तो?"

"नाही," व्लास्ता म्हणाली. "वीतेक होता. आणखी दोघं होते."

"मग खाली का नाही बघितलं?"

तिने सांगितलं. फेब्रुवारी, नळी, बीचचं मूळ, वीतेकचा फोटो. तो नळी या शब्दाशी एकदा डोळे मिटून हसल्यासारखा झाला. "त्या नळीपायीच गेलो होतो मी," तो म्हणाला. मग ती पुढचं बोलली, जे नसतं बोलली तरी चाललं असतं. दहा वाजता कळलं. एक वाजता सांगितलं. मधल्या वेळात मी नवऱ्याला घेऊन गुपचूप तिथेच आले होते. हाका मारल्या त्या मी.

खोलीत गरम पाण्याच्या नळांची घुरघुर चालली होती. ओल्डाने चादरीकडे बघितलं, जिथे त्याचा उजवा पाय संपत होता तिथे.

"तीन तास," तो म्हणाला. "का?"

"लाज वाटली."

"लाज." त्याने तो शब्द तोंडात घोळवला. "व्लास्ता, गुरुवारी दुपारी पडलो आणि शनिवारी दुपारी उचललं मला. मधे सगळं कपड्यातच झालं. मिरेकच्या पोरांनी मला तसंच स्ट्रेचरवर घातलं. त्यातले दोघं शाळेत असताना मी त्यांना जंगलात नेऊन झाडं ओळखायला शिकवलं होतं. शुद्ध तेवढ्यापुरती आली होती मला. लाज मलाही वाटली."

क्षमा मागायची म्हणून ती आली होती. बसमध्ये वाक्यही तयार केलं होतं. ते आता तिला पाकिटावरच्या अर्धवट पत्त्यासारखं वाटायला लागलं. तिने ते तोंडातून काढलं नाही.

"बोटं दोनच गेली," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो शुक्रवारीच गेली असणार. शनिवारच्या तीन तासांनी काही फरक पडला नसता म्हणतो. पण त्याला तरी काय ठाऊक."

"मी पुन्हा येऊ का?"

त्याने खिडकीकडे बघितलं. बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी काचेवरचं दव खरवडत होतं.

"आत्ताच नको," तो म्हणाला. "बघू. मला काही दिवस तू दिसलीस की ते आवाजच ऐकू येतील. मी कळवीन."

ती उठली. कोट घातला, बटणं लावायला वेळ लागला. वड्यांचा डबा तिने टेबलावर ठेवला की परत न्यायचा हे तिला ठरवता येईना; तिने ठेवला. दारापाशी गेल्यावर तिने सवयीने मागे हात नेऊन ते ओढून घ्यायला सुरुवात केली.

"लावू नको," ओल्डा म्हणाला. "नर्सबाईंनाही सांगितलंय. उघडं असू दे. बाहेरून माणसं चालतात, बोलतात, ते ऐकू आलं पाहिजे मला."

तिने दार सोडलं आणि ते पूर्ण उघडं होईपर्यंत तिथेच थांबली.